मदत हवी आहे: सोसायटीत बस-मेट्रोची माहिती द्यायची आहे, पण भाषण न ठोकता (पुणे)

नमस्कार मंडळी,

आमची सोसायटी धायरी फाट्याजवळ. पुढच्या महिन्यात बस, मेट्रो, शेअर रिक्षा असल्या परवडणाऱ्या प्रवासाबद्दल एक कार्यक्रम करायचं ठरलंय आणि ते काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलंय. पार्किंगवरून दर मीटिंगला होणारी भांडणं हे खरं कारण, पर्यावरण नंतर.

फक्त फ्लॅटवाल्यांसाठी नको, कामाच्या मावश्या, वॉचमन, ज्येष्ठ, कॉलेजची पोरं सगळ्यांना बोलवू, असा माझा आग्रह. पण प्रत्येकाची अडचण वेगळी. पोरं म्हणतात, ‘आपली पीएमपीएमएल’ अ‍ॅपवर बस कुठंय ते दिसतं, तिकीटही निघतं, मग कार्यक्रम कशाला? मावश्यांपैकी काहींकडे अजून बटणांचे फोन आहेत. एका काकांना स्वारगेटहून वनाजला जायचं असतं. मध्ये गाडी बदलावी लागते एवढं ऐकूनच त्यांनी मेट्रोचं नाव टाकलंय.

पैशांचंही सरसकट सांगता येत नाही. जून 2025 च्या भाडेवाढीनंतर बसला पहिल्या 5 किलोमीटरला 10 रुपये, 10 पर्यंत 20. दिवसाचा पास 70, महिन्याचा 1500. आता ज्या मावशींचे जाऊन-येऊन 40 होतात, त्या 26 दिवस आल्या तरी 1040. त्यांना ‘पास काढा’ म्हणणं म्हणजे साडेचारशेला खड्ड्यात घालणं. दोन बस बदलून रोज 80 मोजणाऱ्याला मात्र तोच पास फायद्याचा. हे फळ्यावर मांडावं म्हणतोय.

अडलंय ते पुढे. फाट्यावर उतरल्यावर आतपर्यंतचं चालणं आहे, फुटपाथ जागोजागी गायब. तिथे ‘चाला, आरोग्याला चांगलं’ म्हणायला जीभ रेटत नाही. कुणी असा कार्यक्रम केलाय का? लोक येतात का?

– फाटावाला

पर्वतीपायथा: आम्ही केलाय. पत्रकं छापू नका, रद्दीत जातात. गेटवर फळा लावा आणि त्यावर बसचा नंबर नंतर, आधी ठिकाण लिहा: मंडई, ससून, पुणे स्टेशन. मग कुठल्या स्टॉपवरून, रस्त्याच्या कुठल्या बाजूने, शेवटची बस किती वाजता. बाजू लिहाच. नवा माणूस हमखास उलट्या बाजूला उभा राहतो.

तुमच्या काकांना सांगून उपयोग नाही, घेऊन जा. जिल्हा न्यायालय स्टेशनला स्वारगेटची लाइन जमिनीखाली आणि वनाजची वर पुलावर, एवढाच घोळ. लिफ्ट आहे, सरकते जिने आहेत. शनिवार-रविवारी तिकिटाला 30 टक्के सवलत असते, तेव्हा पाच-सहा जणांना एकदम न्या. परत आल्यावर तेच बाकीच्यांना शिकवतात, आणि आपल्यापेक्षा जास्त रुबाबात.

कोथरूडकर_दोनचाकी: सायकल विसरलात! पुणं कधीकाळी सायकलींचंच शहर होतं.

फाटावाला: संध्याकाळी सातला सिंहगड रोडवर चालवून दाखवा, मी टाळ्या वाजवायला उभा राहतो. पण आतल्या गल्ल्यांतून फाट्यापर्यंत सायकल आणि पुढे बस, हे जमू शकेल. फाट्यावर ती ठेवायची कुठे, हा प्रश्न.

पर्वतीपायथा: ओळखीच्या दुकानदाराला विचारा, आमच्याकडे एका चक्कीवाल्याने जागा दिली. आणि फुटपाथचं म्हणाल तर फोटो काढून महापालिकेकडे तक्रार टाका. एकाने नको, वीस-पंचवीस घरांनी टाका. कार्यक्रमातच बसून टाका, नाहीतर घरी गेल्यावर कुणी टाकत नाही.

अजून एक. मावश्यांना संध्याकाळी बोलावलंत तर कुणी येणार नाही, तेव्हा त्यांची दुसरी कामं असतात. दुपारी दोननंतर ठेवा, चहा द्या, अर्ध्या तासात आटपा.

फाटावाला: दुपारचं अजिबात डोक्यात आलं नव्हतं, धन्यवाद. तुमच्या त्या फळ्याचा फोटो असेल तर इथे टाकाल का?