डॉम फिलिप्स जावारीला गेले, ते चुकलं का?

खलाशी (धागाकर्ता)

५ जून २०२२ रोजी ब्राझीलच्या पश्चिम टोकाला, अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या जावारी खोऱ्यात, इताक्वाई नदीवर ब्रिटिश पत्रकार डॉम फिलिप्स आणि आदिवासी प्रश्नांचे जाणकार ब्रुनो परेरा यांना गोळ्या घालून मारलं. दहा दिवसांनी त्यांचे अवशेष सापडले. शोध चालू असतानाच तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो म्हणाले होते, की अशा भागात दोघांनीच होडीतून हिंडणं हे करू नये असं साहस आहे. परवा मित्रांत विषय निघाला तेव्हा हाच सूर ऐकू आला: कुणी सांगितलं होतं तिकडे जायला?

मला हे मनापासून चूक वाटतं. फिलिप्स २००७ पासून ब्राझीलमध्ये राहत होते, पोर्तुगीज बोलत होते. २०१८ मध्ये परेरांसोबतच ते या खोऱ्यात जाऊन आले होते. अ‍ॅमेझॉन वाचवायचं कसं, यावर ते पुस्तक लिहीत होते. जंगल किती तुटलं ते उपग्रह दाखवतो. पण पिरारुकू मासा आणि नदीतली कासवं चोरून कोण पकडतं, त्यांना बर्फ, डिझेल, जाळी कोण पुरवतं, माल कुठे जातो, हे उपग्रहाला दिसत नाही. त्यासाठी नदीकाठच्या गरीब कोळ्याच्या ओट्यावर बसावं लागतं, गस्त घालणाऱ्या आदिवासी तरुणांशी बोलावं लागतं. फिलिप्स नेमके त्यांनाच भेटायला गेले होते. ही बातमीदारी घरात बसून होत नाही.

तिठा

फिलिप्स यांच्याबद्दल आदर आहे, पण असहमत. सप्टेंबर २०१९ मध्ये याच भागात, ताबातिंगा शहरात, माक्सिएल परेरा दोस सांतोस यांना गोळ्या घातल्या. तेही जावारीतल्या आदिवासींच्या रक्षणाचंच सरकारी काम करत होते. जगाच्या वर्तमानपत्रांत त्यांच्यावर किती आलं? जवळजवळ काहीच नाही. २०२२ मध्ये मात्र सगळं जग जावारीबद्दल बोलायला लागलं, कारण मृतांत एक ब्रिटिश पत्रकार होता. अशा प्रवासांनी हा भेदभाव कमी होत नाही, पक्का होतो. वाचकाला सवय लागते की बाहेरचा माणूस जाऊन आला तरच ती जागा खरी.

आणि धोका कुणाच्या डोक्यावर? धमक्या परेरांना येत होत्या. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये, बेकायदा खाणींवर मोठी कारवाई झाल्यावर, त्यांना त्यांच्या सरकारी पदावरून हटवलं होतं. नंतर ते बिनपगारी रजा घेऊन आदिवासींच्या संघटनेसाठी काम करत होते. पत्रकार लिहून परत जातो. वाट दाखवणारा तिथेच राहतो.

रानवाट

माझा आक्षेप वेगळा आहे. बाहेरच्या जगाशी संपर्क न ठेवणारे सर्वाधिक समूह जगात कुठे असतील तर या खोऱ्यात. साध्या सर्दी-तापानेही त्यांची वस्ती संपू शकते. पत्रकारांनी तिकडे फिरकूच नये.

खलाशी

@रानवाट, तत्त्व मान्य, पण इथे ते लागू होत नाही. ते दोघे त्या वेळी संरक्षित क्षेत्राच्या हद्दीबाहेरच होते. जे एकटं राहू इच्छितात त्यांच्या दारात कुणी गेलं नव्हतं. त्यांचं पाणी आणि मासे लुटले जातात ती सीमा पाहायला ते गेले होते.

@तिठा, माक्सिएल यांच्याबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि लाजिरवाणं आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. २०२३ मध्ये अनेक देशांतल्या पत्रकारांनी एकत्र येऊन फिलिप्स आणि परेरा यांचं अर्धवट राहिलेलं शोधकाम पुढे नेलं, तेव्हा खोऱ्यातल्या अवैध धंद्यांची साखळी उजेडात आली. नदीवर सगळ्यांत आधी शोधाला निघाले ते आदिवासी गस्तीवाले, सरकार नव्हे. ही गोष्ट तरी जगाला कळली असती का?

अबोली

मी काही वर्षं तालुका पातळीवर बातमीदारी केली आहे. एका दैनिकात. नाव नको. पगार नाही, छापलेल्या बातमीमागे किरकोळ मानधन आणि वर दिवाळी अंकाच्या जाहिरातींचं टार्गेट. वाळूच्या डंपरवर बातमी दिली तर ज्याचे डंपर, त्याच्याकडेच जाहिरात मागायला जायचं. आता मला सांगा, साहस कशाला म्हणायचं?

राजापूरचे शशिकांत वारिशे आठवा. बारसूच्या रिफायनरीविरोधात लिहीत होते. ६ फेब्रुवारी २०२३ ला सकाळी त्यांची बातमी छापून आली आणि त्याच दिवशी त्यांना गाडीने उडवलं. दुसऱ्या दिवशी गेले. हत्येचा गुन्हा दाखल झाला. त्यांना अ‍ॅमेझॉनला जावं लागलं नव्हतं, ते आपल्याच तालुक्यात होते. म्हणून मला तिठा यांचं म्हणणं जास्त जवळचं वाटतं. एका परदेश दौऱ्याच्या खर्चात तालुक्यातला एक बातमीदार किती महिने ताठ मानेने काम करेल, याचा हिशेब कुठल्याही संपादकाने करून बघावा.

खलाशी

@अबोली, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. वारिशे आणि फिलिप्स यांना मी एकाच रांगेत बघतो. दोघेही जिथे घडत होतं तिथे होते. पैसे तालुक्याकडे वळवायला माझी ना नाही, पण दूरच्या वाचकाला तालुक्याची बातमी वाचायला लावणारा कुणीतरी लागतोच.

तिठा

तो 'कुणीतरी' तिथलाच का नको? आल्तामिरा हे अ‍ॅमेझॉनमधलं शहर. तिथून २०२२ मध्ये 'सुमाउमा' नावाचं वृत्तव्यासपीठ सुरू झालं. एलियाने ब्रूम या नावाजलेल्या पत्रकार साओ पाउलो सोडून त्याआधीच तिथे राहायला गेल्या होत्या. हे लोक जंगलातल्या तरुणांना पत्रकारिता शिकवतात आणि पोर्तुगीजबरोबर इंग्रजी, स्पॅनिशमध्येही छापतात. म्हणजे दूरच्या वाचकापर्यंत पोचायला विमानाने आलेला पाहुणा लागत नाही, भाषांतराचे पैसे लागतात.

खलाशी

सुमाउमा सुरू करणाऱ्यांत जोनाथन वॉट्स आहेत. ब्रिटिश पत्रकार, आधी अनेक देश फिरलेले, मग तिथेच राहिलेले. फिलिप्स यांचं अपुरं पुस्तक पूर्ण करणाऱ्या मित्रांतही ते होते. बाहेरून आलेल्या माणसाला मुळं धरायला वेळ दिला तर तुम्हाला हवं तेच घडतं, असं मला वाटतं.

तिठा

मग आपला वाद जाण्यावर नाही, राहण्यावर आहे. आठ दिवसांत संस्कृती समजावून सांगणाऱ्या दौऱ्यांना माझा विरोध कायम.

अबोली

आणि राहणाऱ्याला विमा, वकील आणि नियमित पगार कोण देणार, यावर इथे अजून कुणीच बोललेलं नाही.