सहा वर्षांनी मुलीचा मेसेज आलाय. पुढे काय करावं?

अंत्रूजवाली
आम्ही गोव्यातले, फोंडा तालुक्यातले. मुलीने सहा वर्षांपूर्वी सासष्टीतल्या ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं. आधी सब-रजिस्ट्रारकडे सह्या, मग चर्च. आम्ही दोन्हीकडे गेलो नाही आणि यजमानांनी तिला "या घराची पायरी चढू नको" म्हणून सांगितलं. तिला आता तीन वर्षांचा मुलगा आहे. गेल्या महिन्यात सासूबाई वारल्या तेव्हा तिने मला दोन ओळींचा मेसेज केला. मी "थँक्यू बाळा" लिहिलं आणि तिथेच अडकले.

आता काय लिहू? नातवाला सोन्याची साखळी करावी असं मनात आहे. नाताळात त्यांच्याकडे जावं का? यजमान अजून "बघूया" एवढंच म्हणतात. त्यात मोठे दीर सांगताहेत की घराच्या इन्व्हेंटरीला (वारसांत वाटणी करायच्या कोर्टाच्या कामाला) तिची सही लागेल, आत्ताच गोड बोलून ठेवा.

दोनघोट_चहा
ताई, आधी माफी, आणि तीही नेमकी. "झालं गेलं विसरूया" लिहू नका. ज्याला पायरीवरून परत पाठवलं त्याने विसरायचं की नाही, हे पाठवणाऱ्याने ठरवायचं नसतं. "तुला वाईट वाटलं असेल तर" हेही नको, त्यात दोष तिच्या वाटण्यावर जातो. आणि माफीच्या मागोमाग "पण आमचीही बाजू" आली की माफी मागितलीच नाही असं होतं.

चार-पाच ओळी पुरेत. साधारण अशा: "तुमच्या लग्नाला आम्ही आलो नाही आणि घरी येऊ नको असं सांगितलं. ते चुकलं. तुला आणि अमुकला त्याचा त्रास झाला, त्याची मी माफी मागते. लगेच उत्तर दे असं नाही. तुला भेटावंसं वाटेल तेव्हा तू म्हणशील तिथे येईन." अमुकच्या जागी जावयाचं नाव घाला. सहा वर्षांत ते तुमच्या तोंडून तिने ऐकलं नसेल, तर ती आधी तेच वाचणार. नातवाचा उल्लेख मुद्दाम गाळलाय. पहिल्याच मेसेजात "बाळाचा फोटो पाठव" गेलं की ओढ नातवाची आहे, आपण नुसती वाट आहोत, असं मुलीला वाटतं. इथेच बरीच घरं दुसऱ्यांदा तुटतात.

लिहूनच पाठवा, आवाज रेकॉर्ड करून नको. रडवेला आवाज ऐकला की तुमचं सांत्वन करायचं काम तिच्यावर येतं. मावसबहिणीकरवी निरोप नको, घरच्या ग्रुपवर तर अजिबात नको. मग तीन-चार आठवडे गप्प. निळ्या खुणा दिसल्या म्हणून "वाचलंस ना?" विचारायचं नाही. ती दोन ओळी लिहील तर तुम्हीही दोन-तीनच. रोजची गुड मॉर्निंगची फुलं बंद.

एखाद्या रात्री लांबलचक, रागाचा मेसेजही येईल. ते बरं लक्षण आहे, कारण गप्प बसणाऱ्याला सांगण्यासारखं काही उरलेलं नसतं. त्यातल्या तारखा आणि तपशील खोडत बसू नका. "सगळं वाचलं. यातलं बरंचसं मला ठाऊक नव्हतं" एवढं खरं असेल तर तेवढंच लिहा, बाकी भेटीत. पण "संपर्क नको" असं स्पष्ट आलं तर थांबायचं. पुढे वर्षातून एकदा, तिच्या वाढदिवसाला, एक ओळ.

भेट घरी नको, तिच्या आणि जावयाच्या सोयीच्या जागी. मडगावची पालिका बाग किंवा पणजीत कांपालची बाग, कुठलीही चालेल. तास-दीड तास, आणि तो आधीच ठरलेला. वेळ सकाळी दहाची किंवा चारनंतरची, कारण तीन वर्षांचं मूल दुपारी झोपेला आलेलं असतं आणि त्याची किरकिर मोठ्यांच्या बोलण्यात उतरते. आपापल्या गाडीने जा, म्हणजे कुणालाही अवघड वाटलं तर उठता येतं. मूल आईच्या मागे लपलं तर लपू दे. तुम्ही खाली बसा, हात पुढे करू नका, "आजीकडे जा" असं कुणी ढकलूही नये. फोटो विचारून काढा आणि स्टेटसवर टाकू नका. तो फोटो दिरांच्या मोबाइलवर गेला की पुढची भेट गेलीच समजा.

साखळी आत्ता नको. पहिल्याच भेटीत सोनं आलं की घेतलं तरी ओझं, नाकारलं तरी अपमान. त्याला काय आवडतं ते मुलीला विचारून पाचशेच्या आतलं पुस्तक किंवा चेंडू न्या. अख्खे काजू, शेंगदाणे, चणे पाच वर्षांखालच्या मुलाला देऊ नयेत, घशात अडकतात. गोव्यात हातात काजूची पुडी घेऊन जायची सवय असते म्हणून सांगितलं.

दस्तावेज
फक्त सहीच्या मुद्द्यावर लिहितो. दिरांचं गणित चुकलंय. सासूबाईंचे वारस म्हणजे सासूबाईंची मुलं. तुमचे यजमान हयात आहेत, त्यामुळे त्यांची मुलगी या खेपेला वारसच नाही. तिची सही लागत नाही, जावयाचीही नाही. सह्या लागतील त्या यजमानांच्या, तुमच्या, दिरांच्या, नणंदांच्या आणि ज्याच्या-त्याच्या नवरा-बायकोच्या, कारण लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर आपल्या गोव्याच्या कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. अपवाद एकच: सासूबाईंनी मृत्युपत्रात नातीला काही ठेवलं असेल तर. ते आधी बघून घ्या.

हे सांगायचं कारण असं की सहीची वेळ आली की अचानक फोन सुरू होतात, हे गोव्यातल्या प्रत्येक तुटलेल्या मुलाला ठाऊक असतं. तुमच्या माफीनंतर महिन्याभरात दिरांनी तिला सहीचं विचारलं तर तुमच्या माफीला शून्य किंमत. दिरांना आजच सांगा की तिच्याशी थेट बोलायचं नाही.

पुढे कधी खरंच कागदाचं काम निघालं तर भेटीत विषय काढू नका. वेगळा मेसेज, मसुद्याची प्रत, आणि "तुझ्या वकिलाला दाखव" असं स्पष्ट लिहिलेलं.

आणि एक. काही घरांत मुलीकडून "हक्क सोडला" असा कागद आधीच लिहून घेतात. आईवडील हयात असताना त्यांच्या वारशावर पाणी सोडता येत नाही, तो कागद टिकत नाही. आपल्या कायद्यात मुलगा-मुलगी समान. अर्धा हिस्सा मुलांसाठी राखीव, मृत्युपत्र करता येतं ते उरलेल्या अर्ध्याचं. कायद्यात ठरलेल्या कारणांशिवाय मुलाला बेदखल करता येत नाही, आणि सज्ञान मुलीने पसंतीचं लग्न केलं हे त्या कारणांत बसत नाही. रागाच्या भरात यजमान तसं काही बोलले असतील तर माफीत तेही मागे घ्या.

सासष्टीकार
नाताळाबद्दल. २४च्या रात्री चर्चमध्ये मिस्सा (प्रार्थना), २५ला घरच्यांचं जेवण. या दोन दिवशी पहिल्यांदा जाऊ नका, बोलावलं तरी. विहीणबाई स्वयंपाकात, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि तुमच्याकडे सगळ्यांची नजर. २७नंतर जा. ६ जानेवारीच्या तीन राजांच्या फेस्तापर्यंत (सणापर्यंत) बऱ्याच घरांत येशूजन्माचा गोठा मांडलेला असतो. तो दाखवायला नातवाला हुरूप येईल आणि मोठ्यांच्या अवघड शांततेला तेवढाच आधार.

शिवराक (शाकाहारी) असाल तर मुलीला दोन दिवस आधी कळवा. ताटावर बसून "आम्ही हे खात नाही" म्हणू नका. दोदोल, बिबिंक असं नाताळाचं गोड पुढे येईल. बिबिंकात अंड्याचे बलक असतात, चालत नसेल तर दोदोल घ्या आणि तेवढ्यावर थांबा. जाताना घरची केळी किंवा नारळ न्या, महागडी मिठाई नको. नातवाला शापाय-शामाय (आजोबा-आजी) तिकडचे आहेतच. "आजी" ही जागा मोकळी आहे, तेवढी घ्या. त्याला त्याच्या नावानेच हाक मारा, घरात वेगळं हिंदू नाव पाडू नका. बाप्तिस्म्याचा विषय तुमच्याकडून निघू नये.

अंत्रूजवाली
तुम्ही सांगितलंत तसा मेसेज गेला. पाच दिवसांनी उत्तर आलं: "बघते. अमुकशी बोलते." यजमानांना नेऊ का? आणि घरी कधी बोलवायचं, चवथीला (गणेश चतुर्थीला)?

दोनघोट_चहा
उत्तरात जावई आला, चांगलं झालं. आता तुम्ही काही लिहू नका, पाळी तिची आहे.

यजमान "बघूया"वर असतील तर पहिल्या भेटीला नकोतच. अर्ध्या मनाने आलेला माणूस मोबाइल बघत बसतो आणि मुलगी तेवढंच घरी घेऊन जाते. पायरीचं वाक्य त्यांचं होतं, ते त्यांनीच मागे घ्यायला हवं. तुम्ही त्यांच्या वतीने "बाबांनाही वाईट वाटतं" सांगू नका. बोलणं जमत नसेल तर त्यांनी दोन ओळी हाताने लिहाव्यात, जावयाच्या नावासकट. घरात ऐकणारं कोणी नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फुकट बोलता येतं.

चवथ नको. माटोळीखाली (गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या छताखाली) चाळीस नातलग, प्रत्येकाची नजर तिच्या गळ्याकडे आणि कपाळाकडे, आणि आरतीला जावई कुठे उभा राहतो इकडे. शिवाय सासूबाईंचं वर्ष सरेपर्यंत तुमच्याकडे मोठं कार्य नसेलच, त्याचा फायदा घ्या. बाहेर तीन-चार भेटी नीट झाल्या की साधा रविवार निवडा. तुम्ही दोघं आणि ती तिघं, बाकी कोणी नाही. जावयाला पहिल्यांदा आला म्हणून पाटावर बसवून ओवाळू नका, ओटी भरायची असेल तर मुलीला आधी विचारा. जेवायला तिच्या आवडीचं एक, त्याच्या आवडीचं एक, ते तिलाच विचारून.

कुणाच्या तोंडून काही वाकडं निघालंच तर तिच्या फोनची वाट बघू नका. त्याच रात्री एक ओळ: "अमुक बोललं गेलं ते चुकीचं होतं, मी त्यांना सांगितलंय." आणि खरोखर सांगा, कारण ती पुढच्या खेपेला विचारेल.

सासष्टीकार
रविवारची तारीख ठरवताना ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासाचा काळ बघा, साधारण फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान. काही घरांत त्या दिवसांत मांस आणि समारंभ टाळतात. मुलीला विचारलंत की कळेल.