रँकिंग वर गेलं म्हणजे विद्यापीठ सुधारलं का?

प्रश्न: आमच्या विभागात शिक्षक तेवढेच, प्रयोगशाळा तीच. तरी विद्यापीठ जागतिक यादीत वर सरकलं. कसं काय?

उत्तर १: रँकिंगची माहिती भरायचं काम मी करायचो. क्यूएस या ब्रिटिश संस्थेच्या जागतिक यादीत ३० टक्के गुण जगभरच्या प्राध्यापकांच्या मतांवर, १५ टक्के नोकरी देणाऱ्यांच्या मतांवर. जवळपास निम्मा खेळ नावाचा! म्हणून तर परिषदा, चकचकीत माहितीपत्रकं, परदेशी पाहुणे. वर्गात कोण शिकवतं, हे त्या मतदाराला कुठून कळणार?

उत्तर २: उरलेले आकडे तरी खरे कुठे? अमेरिकेतलं कोलंबिया विद्यापीठ आठवा. तिथल्याच गणिताच्या प्राध्यापकानं विद्यापीठानं दिलेल्या आकड्यांवर शंका काढल्या आणि २०२२ मध्ये यूएस न्यूज या अमेरिकी प्रकाशनाच्या यादीत ते दुसऱ्यावरून थेट अठराव्या क्रमांकावर.

प्रश्नकर्ता: मग प्रवेश घेताना बघायचं काय?

उत्तर १: शिक्षकांची कायम पदं किती भरलीत, ते विचारा. जाहिरातीत ते नसतं.