मदत हवी आहे – कॉलनीतलं कडुनिंब वाचवायचंय (जळगाव)

नमस्कार भाऊ-ताई, आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये एक मोठं कडुनिंब आहे, मे महिन्यात पारा 45 ला टेकतो तेव्हा सगळी म्हातारी माणसं दुपारभर त्याच्याखालीच बसलेली असतात. दोन वर्षांपूर्वी पेव्हर ब्लॉक बसवले ते थेट खोडाला चिकटवून, पाणी मुरायला जागाच नाही, आणि मागच्या महिन्यात तारांना लागते म्हणून एक फांदी कुऱ्हाडीने तोडली तर साल हातभर खालपर्यंत सोलत आली, तिथून आता डिंक गळतोय अन् बुडाशी वाळवीची माती चढलीये. बघवत नाही हो.

काही जण म्हणतात पडेल, तोडून टाका. पण 1975 च्या झाडांच्या कायद्यानुसार परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि मुळात तोडायचंच कशाला?

खोडाभोवती मीटरभर ब्लॉक काढायला सोसायटी तयार झालीये. जखमेला बोर्डो पेस्ट (मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर) लावू का? आमच्याकडे लिंबू-मोसंबीच्या खोडाला लावतात, निंबाला चालेल ना? वाळवीसाठी काय टाकावं, खाली लहान पोरं खेळतात म्हणून विचारतोय. जळगाव-भुसावळकडे झाड तपासून देणारं कोणी जाणकार असेल तर प्लीज सांगा, पावसाळ्याआधी करायचंय.