मेरी सायमन गव्हर्नर जनरलपदापर्यंत नेमक्या कशा पोहोचल्या?

ध्रुवतारा:
कॅनडाच्या राज्यव्यवस्थेवर लेख लिहितोय, एका ठिकाणी अडलोय. मेरी सायमन २६ जुलै २०२१ रोजी कॅनडाच्या तिसाव्या गव्हर्नर जनरल, म्हणजे राजा किंवा राणीच्या प्रतिनिधी, झाल्या. या पदावर आलेल्या त्या पहिल्या मूलनिवासी; त्या इनुइट, म्हणजे आर्क्टिकमधल्या मूलनिवासी समाजातल्या. पण त्या कधी खासदार नव्हत्या. मग निवड कोणी केली? संसदेत मतदान होतं का? फ्रेंच येत नसताना नेमणूक कशी चालली? आणि त्यांच्या आधीच्या कामाचा या पदाशी काय संबंध?

राजमुद्रा:
मतदान नाही, संसदेची मंजुरीही लागत नाही. पंतप्रधान सल्ला देतात आणि राजा किंवा राणी नेमणूक करतात. त्या वेळी राणी एलिझाबेथ होत्या.

क्रम असा. जानेवारी २०२१ मध्ये आधीच्या गव्हर्नर जनरल ज्युली पाएट यांनी राजीनामा दिला. हे काम एक दिवसही थांबवता येत नाही, कारण विधेयकांना संमती याच पदाकडून मिळते. म्हणून सरन्यायाधीश रिचर्ड वॅग्नर यांनी प्रशासक या नात्याने जवळपास सहा महिने कारभार पाहिला. मार्चमध्ये सरकारने सल्लागार गट नेमला. इनुइटांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष नेटन ओबेड त्यात होते. गटाने नावं सुचवायची, निर्णय पंतप्रधानांचा. तेव्हाचे पंतप्रधान ट्रूडो यांनी ६ जुलैला नाव जाहीर केलं. मात्र नाव जाहीर झालं म्हणजे अधिकार आले असं नाही. सरन्यायाधीशांपुढे तीन शपथा झाल्यावरच ते येतात: राजनिष्ठेची, पदाची आणि राजमुद्रेच्या रक्षकाची. लेखात ‘६ जुलैला गव्हर्नर जनरल झाल्या’ असं लिहू नका, ही चूक फार दिसते.

पाच वर्षांची मुदत हा संकेत, म्हणजे रूढी आहे. कायद्याने ठरलेली मुदत नाही.

उंगावा:
संबंध विचारलात, तर १९७१ पासून सुरुवात करा. त्या वर्षी क्वेबेक प्रांताच्या सरकारने उत्तरेकडच्या जेम्स बे भागात प्रचंड जलविद्युत प्रकल्प जाहीर केला. तिथल्या क्री (आणखी एक मूलनिवासी समाज) आणि इनुइट लोकांना कोणी विचारलंही नव्हतं. ते कोर्टात गेले. नोव्हेंबर १९७३ मध्ये न्यायमूर्ती मालूफ यांनी काम थांबवण्याचा हुकूम दिला, पण आठवडाभरातच वरच्या कोर्टाने तो उठवला. तरी सरकारला एक गोष्ट कळली: या लोकांशी करार केल्याशिवाय सुटका नाही. ११ नोव्हेंबर १९७५ ला करार झाला. क्री आणि इनुइट मिळून २२.५ कोटी डॉलर भरपाई, काही जमिनीची मालकी, शिकारीचे हक्क आणि इनुक्टिटुट या इनुइट भाषेतून शिकवू शकेल असं स्वतःचं शाळामंडळ मिळालं.

या वाटाघाटी करणाऱ्या उत्तर क्वेबेकच्या इनुइट संघटनेत सायमन काम करत होत्या. त्याआधी रेडिओवर निवेदक होत्या. करारातून आलेला इनुइटांचा पैसा सांभाळायला १९७८ मध्ये मकिविक ही संस्था उभी राहिली. सायमन आधी तिच्या उपाध्यक्ष होत्या, १९८२ पासून अध्यक्ष.

आणि हे लेखात वगळू नका: या कराराची किंमतही मोठी होती. बदल्यात इतर मूळ भूमिहक्क सोडून द्यावे लागले. पुविर्निटुक आणि इवुयिविक या गावांनी म्हणून विरोध केला. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मला वाटत नाही. १९८३ च्या घटनादुरुस्तीने अशा करारांतले हक्क मूलनिवासींच्या हक्कांविषयीच्या कलम ३५ च्या संरक्षणाखाली आणले. त्या काळातल्या घटनाविषयक चर्चांतही सायमन होत्या.

पुढचा प्रवास थोडक्यात: १९८६ ते १९९२ इनुइट सर्कम्पोलर कौन्सिल या अनेक देशांतल्या इनुइटांच्या संघटनेच्या अध्यक्ष, १९९४ पासून आर्क्टिक प्रदेशाच्या राजदूत, १९९९ पासून काही काळ डेन्मार्कमध्ये राजदूत, २००६ ते २०१२ राष्ट्रीय इनुइट संघटनेच्या अध्यक्ष. यातलं सगळ्यात टिकाऊ काम १९९६ ची आर्क्टिक कौन्सिल, म्हणजे आर्क्टिकमधल्या देशांची परिषद. तिथे मूलनिवासी संघटना आठ देशांच्याच टेबलावर बसतात. निर्णयाचा हक्क देशांकडे राहतो, पण संघटनांशी सल्लामसलत टाळता येत नाही. कॅनडाच्या बाजूने या वाटाघाटी सायमन यांनी चालवल्या.

ध्रुवतारा:
हे नेमकं हवं होतं. फ्रेंचचं काय?

राजमुद्रा:
फ्रेंच यायलाच हवं अशी अट कायद्यात नाही, इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही अधिकृत भाषा याव्यात हा संकेत आहे. या नेमणुकीवर अधिकृत भाषांच्या आयुक्तांकडे हजाराहून जास्त तक्रारी गेल्या होत्या.

उंगावा:
तक्रारदारांची खंत समजण्यासारखी आहे, पण कारणही लिहा. सायमन १९४७ मध्ये क्वेबेकच्याच उत्तर टोकाला, कांगिक्सुआलुज्जुआकमध्ये जन्मल्या. केंद्र सरकारच्या दिवसशाळेत शिकल्या, तिथे फ्रेंच शिकवतच नव्हते. इंग्रजी आणि इनुक्टिटुट त्या अस्खलित बोलतात. फ्रेंच शिकेन असं त्यांनी नाव जाहीर झालं त्याच दिवशी सांगितलं.

एक दुरुस्ती आधीच सुचवतो. ‘त्या निवासी शाळेत (मूलनिवासी मुलांना घरापासून दूर ठेवणाऱ्या शाळेत) होत्या’ असं कुठे कुठे छापलं जातं. ते खरं नाही. आई इनुक, वडील गोरे, म्हणून त्यांना निवासी शाळेत घेतलं नाही. सहावीनंतर वडिलांनी घरीच शिकवलं. पण ११ जून २००८ ला पंतप्रधान हार्पर यांनी निवासी शाळांबद्दल माफी मागितली, तेव्हा इनुइटांच्या वतीने संसदेत त्या उभ्या राहिल्या आणि पहिले शब्द इनुक्टिटुटमध्ये बोलल्या. ज्या शाळांनी ही भाषा मुलांच्या तोंडून काढून घेतली, त्यांच्याबद्दलच्या माफीला उत्तर त्याच भाषेत.

शेवाळवात:
शब्दांचं सांगतो. एक माणूस ‘इनुक’, अनेक ‘इनुइट’. ‘एस्किमो’ नको. ‘फर्स्ट नेशन्स’ही नको, तो क्रीसारख्या समाजांसाठीचा शब्द; घटनेत इनुइट वेगळे नोंदले आहेत.

शपथविधीचं वर्णन करणार असाल तर कुल्लिक घ्या. समारंभात तो पेटवला होता. मऊ दगडात कोरलेला अर्धचंद्राकार दिवा, सरळ कडेने शेवाळ आणि आर्क्टिक कापसाची वात, इंधन सीलच्या चरबीचं तेल. वात एका जागी जाड झाली की काजळी धरते, म्हणून बारीक काडीने ती सारखी सपाट करावी लागते. बर्फाच्या घरात याच दिव्यावर पाणी वितळवायचं, अन्न शिजवायचं, ओले कपडे वाळवायचे, आणि तो सांभाळायची बाई.