मदत हवी आहे: 'झेस्ट'ला मराठीत काय म्हणावं?

पाककृतींच्या इंग्रजी पुस्तकाचा अनुवाद करतेय, 'झेस्ट'पाशी अडलेय. लिंबाच्या सालीचा फक्त वरचा रंगीत, सुवासिक पापुद्रा म्हणजे झेस्ट. खालचा पांढरा भाग कडू, तो नको. नुसतं 'साल' लिहिलं तर वाचणारा पांढऱ्यासकट किसणार! 'सालीचा कीस' लिहून पाहिलं, तीच अडचण.

त्यात प्रस्तावनेत लेखिका जगण्यातल्या झेस्टबद्दल बोलते आणि दोन्ही अर्थांवर खेळते. (मूळ फ्रेंच शब्द सालीचाच, उत्साहाचा अर्थ नंतर चिकटला.) 'उमेद', 'गोडी' लिहिलं की सालीशी नातं तुटतं. 'रस' छान जमला असता, पण पाककृतीत तो लिंबाचा रसच होऊन बसतो. तळटीप प्रकाशकांना नकोय.

दोन्हीकडे चालेल असा शब्द आहे का, की सरळ 'झेस्ट'च ठेवू?