लांबचा प्रवास: बावीस देश की एक गाव?

मुक्कामपोस्ट:
"सहा महिन्यांत बावीस देश, नोकरी सोडा आणि निघा" ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. मी आठ महिने असाच हिंडलो. पाचव्या महिन्यात एका प्रचंड धबधब्यासमोर उभा होतो आणि डोक्यात एवढंच, पुढची बस किती वाजता. मग तापाने एका लहान गावात पाच आठवडे अडकलो, आणि आज तेच आठवतात. रोज लायब्ररीत जायचो, तिथल्या बाई माझा एखादा उच्चार सुधारून द्यायच्या. निघताना कार्ड परत द्यायला गेलो तर म्हणाल्या, राहू दे तुझ्याकडे. देश मोजू नका, कुठेतरी ओळखीचे व्हा. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३२५ मध्ये निघाला तोसुद्धा दिल्लीत आणि मालदीवमध्ये काझीची नोकरी करत राहिला, चिनी भिक्षू ह्युएन त्संग नालंदात वर्षानुवर्षं शिकला.

भिंगरी:
इब्न बतूता तुमच्या बाजूचा कसा काय? जवळपास तीस वर्षं हिंडला माणूस! आणि व्हिसाचं काय? युरोपात एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या शेंगेन देशांमध्ये कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस मिळतात, सगळे देश धरून. बाबा गेल्यावर मी चार महिने दर दोन दिवसांनी गाव बदललं, कारण थांबले की रडू यायचं. त्या प्रवासाने मला उभं केलं. तो उथळ होता हे तुम्ही कोण ठरवणार?

हातभार:
दोघांनाही सांगतो, नुसतं बघत फिरण्यापेक्षा काहीतरी द्या. अनाथाश्रमात महिनाभर शिकवा, आयुष्य बदलतं.

सावली२२:
कोणाचं बदलतं? मी सहा आठवडे केलंय हे. पहिल्याच दिवशी एक चार वर्षांची मुलगी येऊन मांडीवर बसली, नाव विचारलं नाही, विचारलं "तू कधी जाणार?" माझ्या आधी किती जण येऊन गेले असतील बघा. अशा ठिकाणच्या कितीतरी मुलांचे आईवडील जिवंत असतात, पाहुण्यांचे पैसे येतात म्हणून मुलं आणून ठेवतात. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात यावर चिंता व्यक्त केली आहे.

हातभार:
म्हणजे मदत करणारे सगळे गुन्हेगार? घरी बसून टायपिंग करणं सोपं असतं.

सावली२२:
घरी बसून नाही, तिथून आल्यावर दोन वर्षं झोप उडाली म्हणून लिहितेय. शिकवण्याचं प्रशिक्षण नसताना शिकवायला का जायचं? आणि टुरिस्ट व्हिसावर राहण्या-जेवण्याच्या बदल्यात केलेलं कामसुद्धा बऱ्याच देशांत कामच धरतात, पकडलं की परत पाठवतात.

हातभार:
व्हिसाचं मला माहीत नव्हतं, मान्य. लहान मुलांचंही समजा मान्य. पण पायवाटा दुरुस्त करायला, शेतात राबायला जाणाऱ्यांना त्याच माळेत ओवू नका.

सावली२२:
नाही ओवत. योग्य व्हिसा काढून जा, आणि तिथल्या माणसाचा रोजगार जात नाही ना, तेवढं आधी विचारा.

मुक्कामपोस्ट:
भिंगरी, तुमच्या बाबांचं वाचून गप्प झालो. उथळ हा शब्द मी वापरला नव्हता, पण सूर तोच होता, चुकलंच. तरी सलग आठ महिने त्या वेगाने माणूस टिकत नाही, हे माझं म्हणणं कायम.

भिंगरी:
चार महिन्यांनी मीही दमलेच होते, एवढंच कबूल करते. पुढच्या वेळी दहा दिवस एका जागी राहून बघेन, पाच आठवडे नाही. त्या लायब्ररीत भाषा येत नसताना तुम्ही वाचायचात काय?

मुक्कामपोस्ट:
लहान मुलांची चित्रांची पुस्तकं. तिसऱ्या आठवड्यात पहिलं पूर्ण वाचलं.